पाहिलंस की ऐकलंस

खटला चालू असलेल्या एका माणसाबद्दल मी कोर्टाच्या डॉक्टरपुढे खोटं बोललो. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. शपथ नव्हती, सही नव्हती. आमच्याच स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता ते बोलणं झालं. कायद्याच्या लेखी मी बहुधा सुटलेलाच आहे. पण मला लिहायचं आहे ते रेनाटे फोल्मरबद्दल, आणि हे आधी सांगितल्याशिवाय तिच्याबद्दलचं पुढचं एक अक्षरही खरं झालं नसतं.

रेनाटे माझी साहेब होती. स्टुटगार्टजवळ, गेर्लिंगेनच्या अलीकडे, पंप बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. पुण्याहून मी तिथल्या तपासणी विभागात आलो तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. उंच, खांद्यात किंचित वाकलेली. पांढरे होत चाललेले केस ती स्वतःच कापायची आणि ते दिसायचंही. मनगटावर पुरुषी घड्याळ. डगल्याच्या वरच्या खिशात, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीचा छोटा आरसा. जिथे डोळा पोचत नाही तिथे आरसा घालून ती बघायची. पंपाच्या पोटात, पाइपाच्या वळणात, यंत्राच्या बुडाशी. कँटीनमध्ये खुर्ची डगमगली तरी आरसा बाहेर. सफरचंद खायची ते बियांसकट. देठ तेवढा उरायचा, तोही ती बराच वेळ दातांत धरून ठेवायची.

नवा होतो तेव्हा एकदा मी तिला येऊन सांगितलं, अमक्या पंपाच्या आवरणाला तडा नाही. तिने मान वर न करता विचारलं,

"गेझेन ओडर गेहोर्ट?"

पाहिलं की ऐकलं? मी म्हणालो, आधीच्या पाळीतल्या माणसाने तपासलंय, त्यानेच सांगितलं.

"म्हणजे ऐकलं. ऐकलेलं बायकोला सांगा. मला पाहिलेलं हवंय." आणि खिशातला आरसा काढून माझ्या हातात दिला.

मी जाऊन पाहिलं. तडा नव्हताच. परत येऊन जरा तोऱ्यातच म्हणालो, "बघा, नव्हता."

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "आता नव्हता असं म्हणता येईल."

हा तिचा प्रश्न सगळ्या विभागाला पाठ होता. कुणी म्हणालं की उद्या पाऊस आहे, तर चारी कोपऱ्यांतून आवाज यायचा, "गेझेन ओडर गेहोर्ट?" तीही हसायची. नाकातून, एकदाच, शिंक दाबल्यासारखं.

शाबासकी तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. एकदा मात्र असं झालं की विक्रीचा मुख्य माणूस आमच्या विभागात येऊन माझ्या अंगावर ओरडत होता. ट्रक दाराशी उभा होता आणि मी माल अडवून धरला होता, कारण एका ओतीव भागात मला बारीक छिद्र दिसलं होतं. तो म्हणाला, "एवढंसं छिद्र! कुणाला दिसणार आहे?" मी म्हणालो, "मला दिसलंय." रेनाटे दारात उभी होती. तो गेल्यावर ती पुढे आली आणि हात पुढे करून म्हणाली, "मी रेनाटे." इथे वयाने मोठ्या माणसाने असा हात पुढे करून नाव सांगितलं की त्या दिवसापासून तुम्हीचं तू होतं. कित्येक वर्षं ती माझी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, फोल्मर होती, मी तिचा हेर, म्हणजे श्रीयुत, कांबळे होतो. त्या संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर ती एकदम म्हणाली,

"अनिल, आमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. भाडं रीतसर. खाली मी आणि वडील असतो. बाग आहे. पण केरवोखे पाळावा लागेल."

केरवोखे म्हणजे झाडलोटीचा आठवडा. या भागात हे फार कडक. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लागते, आणि त्याने जिने आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. आम्ही राहायला गेलो तेव्हा रेनाटेचे वडील नव्वदीचे होते. तरी त्यांच्या खोलीच्या दारालाही पाटी लागायची. सुजाताने, माझ्या बायकोने, न राहवून म्हटलं, "अहो, त्यांच्या पाळीला आम्ही झाडू की!" रेनाटे म्हणाली, "ज्याची पाळी त्याने झाडायचं. हळू झाडेल." आणि ते खरंच झाडायचे, फुटपाथवर खुर्ची टाकून, बसल्या बसल्या, लांब झाडूने. समोरची बाई खिडकीतून बघून चुकचुकायची. रेनाटेला त्याचं काही नव्हतं.

हेर फोल्मर जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेले. रोज दाढी, रोज जाकीट, बोलणं मृदू. महामारीच्या पहिल्या वर्षी औरंगाबादला माझे वडील गेले. विमानं बंद. दहन मी फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि घरात बसवेना म्हणून जिन्यात येऊन बसलो. म्हातारा खालून एकेक पायरी चढत आला, दोन पायऱ्या सोडून माझ्या खाली बसला आणि तासभर बसून राहिला. उठताना फक्त माझ्या बुटाच्या टोकावर हात ठेवला, कारण त्याचा हात तिथवरच पोचत होता. हे मी सांगतोय ते माझी बाजू मांडायला नाही. पण ते झालं होतं.

पुढच्या वसंतात एका सकाळी रेनाटे वर आली. निवृत्त झाली होती तरी डगल्यासारखाच एक निळा कोट घरात घालायची. आमच्या स्वयंपाकघरात बसली. समोर ठेवलेला चहा तसाच राहिला.

"सरकारी वकिलाकडून पत्र आलंय. वडिलांवर खटला होणार." मग तिने प्रत्येक शब्द तपासल्यासारखा बाहेर ठेवला. "अठराव्या वर्षी ते एका छळछावणीत होते. टेहळणीच्या मनोऱ्यावर, बंदूक घेऊन. मला लहानपणापासून एवढंच सांगितलेलं, की फाटी पूर्वेच्या आघाडीवर शिपाई होते." फाटी म्हणजे बाबा.

मला तेव्हा काही माहीत नव्हतं, म्हणून तिनेच समजावलं. युद्धानंतर कितीतरी वर्षं इथली कोर्टं विचारत राहिली की स्वतःच्या हाताने कुणाला मारलं ते दाखवा. पहारेकऱ्यांबद्दल ते दाखवता यायचं नाही. ते घरी आले, ट्राम चालवल्या, पेन्शनी घेतल्या. फार उशिरा कोर्टांनी मानलं की आत माणसं मारली जात असताना जो बाहेर पडायच्या वाटेवर बंदूक घेऊन उभा राहिला, त्यानेही हात लावला. तोवर उरलेले सगळे नव्वदीपार. आणि गुन्ह्याच्या वेळी वय कोवळं, म्हणून खटला तरुण गुन्हेगारांच्या कोर्टात. "पंचाण्णव वर्षांचा बाल-आरोपी," रेनाटे म्हणाली आणि तिचं ते नाकातलं हसू आलं. ते इतकं भयंकर मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

तिने वडिलांना विचारलं होतं. तोच प्रश्न. "फाटी, गेझेन ओडर गेहोर्ट?"

ते म्हणाले होते, "माझं तोंड बाहेरच्या बाजूला असायचं."

रेनाटेने यावर वाद घातला नाही. आगगाडीत बसली आणि ती छावणी आज जिथे स्मारक म्हणून उभी आहे तिथे गेली. तिथल्या लोकांना विनंती करून एका मनोऱ्यावर चढली. परत आल्यावर बागेत कपडे वाळत घालताना मला सांगितलं, "चारी बाजूंनी खिडक्या आहेत. आपलं तोंड कुठेही करा, सगळं दिसतं. बराकी, हजेरीचं मैदान, धुराडं. मी पाहिलं." चिमटे संपले होते तरी तिचा हात दोरीवरच होता.

त्या उन्हाळ्यात आई तीन महिने आली होती. तिला खटल्याचं आम्ही अजून सांगितलं नव्हतं. तिची आणि हेर फोल्मरची गट्टी जमली. भाषा शून्य. ते एक लुडोसारखा खेळ बागेत मांडायचे आणि दोघं तासन्‌तास फासे टाकायची. म्हातारा सोंगट्या चोरायचा. आईने नजर वळवली की त्याची सोंगटी दोन घरं पुढे. आई त्याचं मनगट धरून मराठीतून ओरडायची, "लबाड आहे मेला! रेनाटेबाई, तुमचे वडील बघा!" आणि तो दोन्ही हात वर करून शरण यायचा.

जायच्या आदल्या आठवड्यात तिला कळलं. सुजातानेच सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बसवतील का त्याला कोर्टात?"

"बसवतील असं दिसतंय."

"बसू दे. म्हातारा असला म्हणून काय झालं? शिक्षा नाही दिली तरी चालेल. पण बसू दे, आणि कुणीतरी वाचून दाखवू दे त्याला. आमच्या वेळी तेवढंही झालं नाही."

आमच्या वेळी म्हणजे मामाच्या वेळी. आईचा धाकटा भाऊ. जयंतीची मिरवणूक गावातल्या मुख्य रस्त्याने नेली म्हणून दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर त्याला मारून टाकलं. भर दुपारी, सगळ्या गावासमोर. केस उभी राहिली. आणि एकेक साक्षीदार फितूर झाला. चहावाला म्हणाला, मी आत भांडी घासत होतो. कंडक्टर म्हणाला, मी तिकिटं मोजत होतो. मामाच्याच वर्गात शिकलेला एक मास्तर होता, आमच्या घरी जेवलेला, तो म्हणाला, "डोळ्यात धूळ गेली होती, साहेब." सगळे सुटले. आमच्या घरात अजूनही कुणी काही टाळायला लागलं की आई विचारते, "का रे, धूळ गेली का डोळ्यात?"

हे मी रेनाटेला सांगितलं. आई गावी परतल्यानंतर, खटला सुरू व्हायच्या थोडं आधी. ती ऐकत होती. मग विचारलं, "त्याला तुमच्यात शब्द आहे? पाहिलेला माणूस पाहिलं नाही म्हणतो, त्याला?"

"फितूर."

तिने तो दोनदा म्हणून पाहिला. र घशातून काढला. "आमच्यात वेगळा शब्द नाही," ती म्हणाली. "लागलाच नसेल. सगळेच होते."

खटल्याच्या दिवशी ती स्वतः गाडी चालवून वडिलांना न्यायची. मुलीने यायची सक्ती नव्हती. ती साक्ष द्यायलाही नाही म्हणू शकत होती. वयामुळे एका दिवशी फार तर दोन तास काम चालायचं. त्यांच्या पाठीला उशी, थर्मासमध्ये बडीशेपेचा चहा, गुडघ्यांवर घोंगडी, हे सगळं ती नीट करायची. मग त्यांना वकिलाच्या शेजारी बसवून स्वतः मागे, अगदी शेवटच्या बाकावर जायची. पुढच्या रांगांत छावणीत मेलेल्यांची मुलं-नातवंडं बसलेली. त्यांच्या मागे बसायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, असं ती म्हणाली.

एक दिवस एका म्हाताऱ्या बाईची साक्ष झाली. दूरच्या देशातून, पडद्यावर. तिने बहिणीबद्दल सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मी ते ऐकलेलं आहे. हेर फोल्मर डोळे मिटून बसले होते. संध्याकाळी जेवताना रेनाटेने विचारलं, "फाटी, ती काय म्हणाली ते ऐकलंत?" ते म्हणाले, "सूप गार झालंय." रेनाटे उठली, सूप गरम करून आणलं, समोर ठेवलं आणि परत विचारलं. ते मुकाट्याने प्यायले. वर आम्हाला ऐकू येत होतं की ती तेच वाक्य पुन्हा विचारतेय. न ओरडता.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते बिघडले. म्हणजे, बिघडले असं दिसू लागलं. रेनाटेला स्वतःच्या आईच्या नावाने हाक मारायची, जाकिटाची बटणं चुकवायची, कोर्टात न्यायाधीशबाईंना तिकीट विचारायचं. त्यांच्या वकिलाने अर्ज केला की आरोपी खटल्याला बसण्याच्या अवस्थेत नाही. कोर्टाने डॉक्टर नेमला. रेनाटेने डॉक्टरला सांगितलं, हे सोंग आहे. वकील म्हणाला, मुलीच्या मनात बापाबद्दल राग आहे, तिचं कसं धरायचं?

ती जिन्यात मला भेटली. "माझा शब्द चालत नाही. मी मुलगी आहे. तू घरात राहतोस, तुला ना राग ना लोभ. मी तुझं नाव दिलंय. घाबरू नकोस, जे पाहिलंस तेवढंच सांग." आणि वरच्या पायरीवर थांबून म्हणाली, "तुला तर माहीतच आहे, नाही सांगितलं की काय होतं."

मी काय काय पाहिलं होतं ते सांगतो. रेनाटे बाजारात गेली की म्हातारा बागेतल्या बाकावर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा. फाटक वाजलं की ते घडी करून जाकिटात. एकदा मला हाक मारून म्हणाला होता, तुमच्या सायकलीचा मागचा दिवा गेलाय, पोलीस पकडतील. बटणं त्या वेळी नीट लावलेली होती.

डॉक्टर यायच्या सकाळी तो बाकावरच होता. मी कचऱ्याचा डबा ठेवायला गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हेर कांबळे, मला माझ्या बिछान्यात मरायचं आहे. तुम्हालाही वडील होते." बस. एवढंच. त्याने जिन्यातल्या त्या तासाची आठवण दिली नाही. द्यावी लागली नाही.

डॉक्टर सभ्य, दमलेला माणूस होता. कॉफीत साखर नको म्हणाला. विचारलं, "घरात ते कसे वाटतात?"

एकदा, तापात, म्हाताऱ्याने मला कार्ल म्हणून हाक मारली होती. दोन वर्षांपूर्वी. खोटं बोलायला खऱ्याचा एवढासा तुकडा पुरतो. मी म्हणालो, "गोंधळतात. मला दुसऱ्याच नावाने हाक मारतात."

"हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"हो. बऱ्याचदा."

तो आणखी काही विचारेल असं मला वाटलं होतं. त्याने मान हलवली, कॉफी संपवली. मी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि बुटांचं फडताळ आवरत बसलो.

माझ्या एका वाक्यावर खटला थांबला असं मी म्हणत नाही. तपासण्या होत्या, वय होतंच, दुसरा एक डॉक्टरही होता. पण अहवालात लिहिलं होतं की घरातल्या त्रयस्थ भाडेकरूचं निरीक्षणही याला दुजोरा देतं. रेनाटेने ते मला वाचून दाखवलं. खटला बंद झाला. निकाल नाही. पुढच्या रांगेतले लोक आपापल्या गावी गेले.

मला वाटलं होतं ती चिडेल. ती खुर्चीत बसली होती, आरसा हातात, दांडी आत-बाहेर सरकवत. म्हणाली, "तूसुद्धा पाहिलंस. म्हणजे खरंच असणार. माझ्या डोळ्यांत राग होता, अनिल. मी आजारी माणसाला ओढत नेलं. सूप पुढे ठेवून छळलं." मी तिथे उभा होतो. बोलायला तोंड होतं.

नंतर काही दिवसांनी म्हातारा मला फाटकाशी भेटला. आजूबाजूला बघितलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "धन्यवाद. कुंपणाची झाडं वाढलीत, या आठवड्यात छाटून घ्या." मी ती छाटली.

यापुढे त्याला सोंगाची गरज उरली नव्हती, असं आपल्याला वाटेल. पण त्याने ते सोडलं नाही. मुलीपुढे तर कधीच नाही. सुमारे दोन वर्षं रेनाटेने त्याला अंघोळ घातली, चमच्याने भरवलं, त्याच्या आईच्या नावाने दिलेल्या हाकेला ओ दिली. त्याच्या दारावरची केरवोखेची पाटी काढून टाकली आणि त्याच्या पाळीला स्वतः झाडू लागली. आणि ती दुकानात गेली की मी वरच्या खिडकीतून पाहायचो, तो चाकूने सफरचंद सोलत बसलेला असायचा. साल एकसंध, न तुटता, खाली लोंबणारी. हात जराही कापत नव्हता. रेनाटे आली की चाकू रुमालात, आणि तोंड अर्धं उघडं. ती हातातल्या पिशव्या खाली ठेवून आधी त्याचे ओठ पुसायची.

आईने फोनवर विचारलं, "म्हाताऱ्याच्या केसचं काय झालं?"

"बंद झाली, आई. डोकं गेलंय त्याचं."

"डोकं गेलं?" आई म्हणाली. "माझ्या सोंगट्या चोरताना तर बरं चाललं होतं." आणि मग, "कुणी सांगितलं डोकं गेलं म्हणून?"

मी म्हणालो, डॉक्टरने. तिने धुळीबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्या काळात रविवारी बुद्धवंदना म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाज आपोआप खाली यायचा, आणि सुजाता एकटीच ते पुरं करायची. तिला वाटायचं माझा घसा बसलाय.

हेर फोल्मर स्वतःच्या बिछान्यात गेले, झोपेत. दफनाला आम्ही आठ-दहा माणसं. पाद्री म्हणाला की प्रदीर्घ आजारपणात लेकीच्या प्रेमाने त्यांना सांभाळलं. रेनाटे जमिनीकडे बघत होती.

तिने घर विकलं. आम्ही जवळच दुसरीकडे जागा घेतली. ती उत्तरेला, समुद्राजवळच्या एका लहान गावात गेली. दर नाताळाला तिचं कार्ड येतं. आठवड्यातून दोन दुपारी ती तिथल्या वृद्धाश्रमात जाते, ज्यांची स्मृती गेलीय त्यांना भरवते, त्यांच्याजवळ बसते. गेल्या कार्डात लिहिलं होतं, फाटींशी जे वागले ते इथे थोडंफार निस्तरतेय.

तिला मी शेवटचं पाहिलं ते घर सोडायच्या दिवशी. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. रिकाम्या घरात ती शेवटची फेरी मारत होती आणि मी मागे मागे. हीटरच्या मागे, बेसिनच्या खाली, आरसा घालून बघत होती, काही राहिलं तर नाही. मग जिने झाडले. पाळी तिची नव्हती, कुणाचीच नव्हती. फुटपाथही झाडला. झाडू मला दिला, "ठेव, चांगला आहे." गाडीत बसली. पट्टा लावला. काच खाली केली.

"एक विचारू? शेवटचं. तू डॉक्टरला जे सांगितलंस ते... गेझेन ओडर गेहोर्ट?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मी नीट बघितलं होतं, नव्हता. ती आशेने विचारत होती. मी "ऐकलं" म्हणालो असतो, नुसता अडखळलो असतो, तरी तिला पुरलं असतं. बाप शुद्धीत होता, कोर्टात बसायला लायक होता, आणि आपण त्याच्याशी जे वागलो ते योग्यच होतं, एवढं घेऊन ती समुद्राकडे गेली असती.

मी म्हणालो, "गेझेन."

"गुट," ती म्हणाली. खिशावरून हात फिरवला, आरसा आहे ना हे बघायला. गाडी वळणापर्यंत गेली, तिथे तिने नेहमीप्रमाणे थांबून दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता तरी पाहिलं, आणि गेली.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. आईला येतं, ती वाचेल. पण माझं देणं आईचं नाही. रेनाटे जिवंत आहे, तिचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि तिच्या भाषेत, तिच्या समोर बसून, मला तिला एवढंच सांगायचं बाकी आहे: तुझे वडील शुद्धीत होते. मी ते पाहिलं होतं.